चार आणे जास्त

कॉलेजचा पहिला फुटबॉल संघ निघाला तेव्हा
अकरा जणांत बुटांचे जोड सात.
मल्लेशम यलदंडी अनवाणी खेळायचा.
साखरपेठेतून सरावाला यायचा तेव्हा
बोटांच्या बेचक्यात मागाचं सूत अडकलेलं असे.
सेंटर-हाफ. अंगानं काटकुळा,
पण आडवा गेला की भिंत आली म्हणायचे.

हे माझ्या जन्माआधीचं.
ऐकलेलं आहे, आणि सोलापुरात ऐकलेलं
थोडं फुगतंच, ब्लॅडरसारखं.

पार्क मैदान, एप्रिल, फायनल.
समोर रेल्वे लाइन्सची पोरं.
कुणीतरी मल्लेशमला बूट दिले त्या दिवशी,
एक नंबर मोठे, पुढे चिंध्या कोंबलेले,
तळाला खिळे.
दुपारपाळीचा भोंगा व्हायला दोन मिनिटं असताना
दस्तगीर सुटला. फायरमनचा मुलगा, डावखुरा.
मल्लेशम गेला.
अनवाणी पायाला कळतं कुठं थांबायचं,
बुटाला कळलं नाही.

पंचांनी शिट्टी मारली नाही. नियमात बसत होतं.
कॉलेज जिंकलं, पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं,
आणि वरून त्याला दिसलं,
पलीकडे आणखी एकाला उचललंय चौघांनी,
दाराच्या फळीवर.

त्यानंतर तो खेळला नाही असं नाही.
गोष्टीत तसं हवं असतं. तो सहा वर्षं खेळला,
खेळाच्या जोरावर मिलमध्ये लागला, घडी खात्यात,
कप आणले, मॅनेजरनं चादर दिली, फोटो निघाला.
मिलनं संघ मोडला तेव्हा
त्याच्याकडे एक बॉल आणि एक शिट्टी उरली,
आणि आम्ही: विडी वळणाऱ्या बायांची पोरं,
टॉवेल कारखान्यातली, एक न्हाव्याचा, मी.

मास्तरांनी आम्हाला गोल मारायला शिकवलं नाही.
थांबायला शिकवलं.
धावत जायचं, समोरच्याच्या अंगावर जायचं,
आणि वीतभर अलीकडे पाय रोवायचा.
शंभर वेळा. चुकलं की तेलुगूत ओरडायचे,
"आगु! आगु रा!"
आम्ही बहुतेक सामने हरायचो.
"काय बे, तुमचा मास्तर ब्रेक विकालाय काय?"
लोक विचारायचे.

ब्लॅडर फुटला की सात रस्त्याला जायचं,
दस्तगीरच्या पंक्चरच्या दुकानात.
पाय लांब करून बसलेला, गुडघा न वाकणारा.
दर आठ आण्यांचा. आमच्याकडून बारा घ्यायचा.
समोरच्या सायकलवाल्याकडून आठ, आमच्या देखत.
मी बोललो एकदा. मास्तरांनी माझा कान धरला
आणि बारा आणे मोजून
त्याच्या तेलकट डब्यात टाकले.
एवढंच बोलणं चालायचं दोघांचं. अकरा वर्षं.

मग एका गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात
दस्तगीरनं ब्लॅडर पाण्यात बुडवला,
बुडबुडा शोधला, ठिगळ लावलं,
आणि डब्यातून चार आणे काढून
मास्तरांच्या हातावर परत ठेवले.
"पुरे की आता, मल्लेशम."

मला वाटलं हसतील.
मास्तरांचा चेहरा त्या दिवशी
उधारी नाकारलेल्या माणसासारखा झाला.
"पुरे म्हणून तू कोण सांगणार?"
म्हणाले, आणि लगेच,
"तूच सांगणार म्हणा,"
आणि नाणं मुठीत धरून उभे राहिले,
जाता येईना, ठेवता येईना.
दस्तगीर दुसऱ्या गिऱ्हाइकाची ट्यूब सोडवायला लागला.

त्या संध्याकाळी सराव झाला नाही.
मैदानावर आम्ही आपलं आपणच खेळलो,
वाट्टेल तसं, एकमेकांच्या नडग्या फोडत.

आता मी शिकवतो, होटगी रोडला,
नऊ-दहा वर्षांच्या पोरांना.
बुटांचे जोड अकरा आहेत, जास्तच आहेत.
बॉलला वेगळा ब्लॅडर नसतो, फुटला तर फेकतात.
काल एक पोरगं बेभान सुटलं दुसऱ्याच्या अंगावर
आणि माझ्या तोंडून निघालं, "आगु!"
मला तेलुगू येत नाही. त्यालाही नाही.
थांबलं ते.
जरा उशिराच,
पण फक्त धूळ उडाली.